विस्मृतीतील आप्तांची सेवा आणि हातातला मोबाइल

होसकोटे येथील आपल्या रविवारच्या स्वाध्यायात गेल्या महिन्यात एका ताईंनी एक प्रश्न मांडला. त्यांच्या सासूबाईंना डिमेन्शिया आहे. घरात कॅमेरा बसवला आहे, सासूबाईंच्या मनगटावर जीपीएसचे घड्याळ आहे आणि गोळ्यांच्या वेळांची आठवण मोबाइल करून देतो. ताई व्हाइटफील्डला नोकरीला जातात. त्या म्हणाल्या, "जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइल उघडून आईंना बघते. त्या खिडकीशी बसलेल्या दिसतात. मला हायसे वाटते आणि लगेच लाजही वाटते. हे सेवेत धरायचे की सेवा चुकवण्यात?"

दोन उत्तरे लगेच आली. एका काकांनी श्रावणबाळाची आठवण करून दिली. त्याने आईवडिलांना स्वतःच्या खांद्यावर वाहिले, कोणा यंत्रावर सोपवले नाही, असे ते म्हणाले. दुसरे एक दादा म्हणाले, काळ बदलला आहे, आता हे चालायचेच. साधकहो, मला ही दोन्ही उत्तरे घाईची वाटली. पहिल्या उत्तराने ताईंच्या मनावरचे ओझे वाढते आणि दुसऱ्याने त्यांचा प्रश्नच पुसला जातो. प्रश्न मात्र खरा आहे आणि तो एकट्या ताईंचा नाही.

'लासी-डॅड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. यांतील बहुतेकांची काळजी घरीच घेतली जाते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक ज्येष्ठामागे घरातील एक माणूस आहे, बहुधा सून, मुलगी किंवा पत्नी, जिची झोप रोज तुटते आणि जिची गणना कोणत्याच आकड्यात होत नाही.

या आजाराचे नाव घेतानाच आपल्याकडे एक अडचण येते. मी या संकेतस्थळासाठी अनुवादाची सेवा करतो, म्हणून ती मला आधी जाणवली. डिमेन्शियासाठी मराठीत 'स्मृतिभ्रंश' हा शब्द वापरतात. शब्द चांगला आहे, पण साधकांच्या कानाला तो गीतेतून आधीच ओळखीचा असतो. दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनापासून क्रोध, क्रोधापासून मोह आणि मोहापासून स्मृतिभ्रंश अशी साखळी सांगितली आहे. ती साखळी विवेक सुटण्याची आहे. आपण कोण, आपले कर्तव्य काय, याचे भान क्रोधी माणसाला राहत नाही, असा तिचा आशय आहे. मेंदूतील पेशी झिजण्याच्या आजाराशी तिचा संबंध नाही. तरीही "आयुष्यभर फार रागावत होते हो, त्याचेच हे" असे उद्गार मी आजारी माणसाच्या अंथरुणाशेजारी ऐकले आहेत. आणि व्यवहारातल्या मराठीने तर आणखी कठोर शब्द घडवून ठेवले आहेत. 'म्हातारचळ' म्हणतो आपण, 'साठी बुद्धी नाठी' म्हणतो. म्हणून मी या लेखात डिमेन्शिया हाच शब्द ठेवतो. परका असला तरी त्याला दोषाचा वास नाही.

आता काकांच्या श्रावणबाळाकडे वळू. ती कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे, पण तीत एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. कावड हेही साधनच होते. दोन टोपल्या आणि एक बांबू. अंध आणि थकलेल्या आईवडिलांना यात्रा घडवायची तर नुसती भक्ती पुरत नव्हती, भार दोन्ही बाजूंना सारखा वाटला जाईल अशी काहीतरी रचना लागत होती. श्रावणाने ती केली. आईवडिलांना पाठुंगळी न घेता कावडीतून नेले म्हणून त्याची सेवा कमी झाली असे कोणी म्हणत नाही.

दुसरी गोष्ट अधिक दुखावणारी आहे. श्रावण पाणी आणायला गेला आणि दशरथाचा बाण लागून पडला. मग आईवडिलांचे काय झाले? त्यांना पाहणारे दुसरे कोणी नव्हते. पुत्रशोकात त्यांचाही अंत झाला. सेवेचा सगळा भार एकाच खांद्यावर असेल तर तो खांदा पडताच सारे कोसळते, हेही त्या कथेत आहे. आपण मातृपितृभक्तीचा आदर्श म्हणून कथा सांगतो आणि तिथेच थांबतो. डिमेन्शिया असलेल्या माणसाची एकटीने काळजी घेणारी सून पाठदुखीने किंवा नैराश्याने आडवी झाली की त्या घरात काय होते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना कथेचा हा भाग वेगळा सांगावा लागत नाही.

तेव्हा साधन वापरावे की नाही हा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. वापरावे. अवघड आहे ते पुढचे. ज्या माणसाला 'हो' किंवा 'नाही' नीट म्हणता येत नाही, त्याच्यावर हे साधन आपण लावत आहोत. श्रावणाच्या आईवडिलांनी स्वतः यात्रेला जायचे म्हटले होते. मनगटावर घड्याळ बांधून घ्यायचे सासूबाईंनी म्हटले होते का?

घड्याळापासूनच सुरुवात करू. होसकोट्यात राहणाऱ्यांना सांगायला नको, एका बाजूला कोलारला जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि दुसऱ्या बाजूला मोठे तळे. संध्याकाळी "घरी जायचे आहे" म्हणून घरातूनच निघणारा ज्येष्ठ माणूस अर्ध्या तासात कुठेही पोहोचू शकतो. तेव्हा जीपीएसचे घड्याळ निष्ठुर नाही, ते उपयोगाचे आहे. पण त्याच्या मर्यादा विकणारा सांगत नाही. ते वरचेवर चार्ज करावे लागते, त्यात सिम लागते, गर्दीच्या वस्तीत ते एक गल्ली चुकीची दाखवते आणि ज्यांच्या हातात ते असते त्यांना ते बोचते म्हणून त्या ते काढून उशीखाली ठेवतात. मग मोबाइलवर आई घरीच आहेत असे दिसत राहते.

यापेक्षा साधे उपायही आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत वरळीहून हरवलेला, बौद्धिक अक्षमता असलेला एक बारा वर्षांचा मुलगा कुलाब्यात सापडला. त्याच्या गळ्यातल्या लॉकेटमध्ये क्यूआर कोड होता. तो मोबाइलने स्कॅन करताच घरचा क्रमांक मिळाला आणि पोलिसांनी त्याला आईवडिलांकडे पोहोचवले. 'प्रोजेक्ट चेतना' या नावाने एका तरुण अभियंत्याने ती लॉकेटे तयार केली होती. अशा लॉकेटला चार्जिंग लागत नाही. ते माणसाचा माग काढत नाही, तो भेटेल त्याला फक्त त्याची ओळख सांगते. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. घड्याळ दूर बसलेल्या आपल्याला सामर्थ्य देते, तर लॉकेट रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या चांगुलपणावर विश्वास टाकते. दोन्ही वापरा. पण दुसरे चालायचे असेल तर कोपऱ्यावरच्या नंदिनी दुधाच्या बूथवाल्याला, रिक्षा स्टँडवरच्या मंडळींना, समोरच्या फुलवालीला आपल्या आजी ओळखीच्या असाव्या लागतात. आजाराची लाज वाटून त्यांना घरात लपवले तर लॉकेटचा काय उपयोग?

संमतीचे बोलू. आजार एका दिवसात सगळे नेत नाही. सुरुवातीची एक-दोन वर्षे तरी माणसाला आपल्याला काय होते आहे याची कल्पना असते, बहुधा आपल्यापेक्षा आधी असते. त्या काळात विचारायचे असते. "आई, पुढे कधी वाट चुकली तर आम्हाला कळावे म्हणून हे बांधले तर चालेल का? कॅमेरा कुठे चालेल, कुठे नको?" हे विचारायला आपली जीभ रेटत नाही, कारण विचारले म्हणजे आजार मान्य केला. आपण उद्यावर ढकलतो आणि एक दिवस विचारण्याची वेळ निघून जाते. पुढच्या अवस्थेतही विचारणे सोडू नये. घड्याळ बांधताना रोज "बांधू का?" म्हणावे. कालचे उत्तर त्यांना आठवत नसेल, पण आज आपल्याला कोणी विचारले हे त्यांना आज कळते. हात मागे घेतला तर दहा मिनिटांनी पुन्हा विचारावे. त्या दहा मिनिटांत काही बिघडत नाही.

कॅमेऱ्याबाबत माझे मत जरा कडक आहे. दाराकडे, स्वयंपाकघरातल्या गॅसकडे तोंड असलेला कॅमेरा समजण्यासारखा आहे. स्नानगृहात, कपडे बदलण्याच्या जागी तो कोणत्याही कारणाने नको. पडण्याची भीती असेल तर तिथे पकडायला दांडी लावावी, घसरणार नाही अशी फरशी करावी, कोणीतरी सोबत जावे. आणि कॅमेरा आहे हे त्यांना माहीत असावे, घरी येणाऱ्यांनाही माहीत असावे. घरात मदतीला येणाऱ्या बाईंना न सांगता त्यांच्यावर कॅमेरा रोखणारी कुटुंबे सेवेची भाषा बोलतात तेव्हा मला ते पटत नाही.

याहून मोठा अपराध आपण हसत हसत करतो. आजोबांनी चष्मा फ्रीजमध्ये ठेवला, आजींनी आरशातल्या बाईला चहा विचारला. घरातले कोणीतरी व्हिडिओ काढते आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकते. खाली हसरे चेहरे उमटतात. त्यात दुष्टपणा नसतो, हे मला मान्य आहे. थकलेल्या घराला हसू हवे असते. पण ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात जे मांडले ते इथे आठवावेसे वाटते. डिमेन्शियात माणसाचे जे नुकसान होते ते सगळे मेंदूच्या आजारामुळे होत नाही, काही भाग भोवतालच्यांच्या वागण्यामुळे होतो, असे त्यांचे म्हणणे होते. थट्टा करणे, त्यांच्या देखत त्यांच्याबद्दल ते नसल्यासारखे बोलणे, लहान मूल समजणे, घाई करणे. ही माणसे दुष्ट नव्हे तर प्रेमळच असतात, हेही ते म्हणत. आपण रोज ध्यानाच्या आरंभी म्हणतो की देह बदलतो, मन बदलते, साक्षी तोच राहतो. ते खरे मानत असू तर आरशातल्या बाईला चहा विचारणाऱ्या आजींमध्ये तो साक्षी आहे की नाही? व्हिडिओ डॉक्टरांना दाखवायचा असेल तर जरूर काढा, त्याचा निदानाला उपयोग होतो. दाखवून झाल्यावर पुसून टाका.

पैशाचा विषय आध्यात्मिक संकेतस्थळावर कशाला, असे कोणाला वाटेल. मी वाणिज्य शाखेत शिकतो, म्हणून तो मला टाळता येत नाही. आजींचा मोबाइल आता नातवाच्या हातात असतो आणि यूपीआयचा पिन त्याला माहीत असतो. औषधे, किराणा, वीजबिल त्यातूनच जाते. हळूहळू नातवाचा रिचार्जही जातो. कोणी चोरी करत नसते. पण विचारणारे कोणी उरलेले नसते, आणि मनुष्यस्वभाव तिथेच घसरतो. पुष्कळांना वाटते की मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे झाले. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती विकलमनस्क झाली की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले त्या दिवशीच ते निकामी होते. त्यामुळे त्यांना समजत असतानाच बँकेत जाऊन संयुक्त खाते करणे, वारसनोंदी तपासणे, व्यवहाराची मर्यादा कमी ठेवणे, हे करावे. आणि त्यानंतर दुसऱ्याच्या पैशाचे विश्वस्त म्हणून हिशेब लिहावा. एक साधी वही पुरे, किंवा भावंडांना दिसेल असा मोबाइलवरचा तक्ता. इथे डिजिटल साधन खरेच सात्त्विक काम करते. ते संशयाला जागा ठेवत नाही. सख्खी भावंडे आईच्या आजारात दुरावतात ती बहुतेक वेळा सेवेवरून आणि हिशेबावरून, आणि दोन्हींची नोंद असेल तर निम्मे भांडण तिथेच मिटते.

याच विषयातले एक चांगले साधन सांगतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' या योजनेत तो डिजिटल पद्धतीने देता येतो आणि २०२१ पासून चेहरा ओळखण्याच्या सोयीमुळे तो घरबसल्या मोबाइलवर होतो. ज्यांची बोटांची ठशेरेषा झिजली आहे त्यांना हा फार मोठा दिलासा आहे. चाकाच्या खुर्चीवरून बँकेच्या रांगेत नेणे टळते. फक्त कॅमेऱ्यासमोर सांगितल्यावर डोळ्यांची उघडझाप करावी लागते, आणि 'सांगितल्यावर' हेच या आजारात कठीण असते. माझ्या आजीच्या बाबतीत आईने युक्ती काढली. तिने आजीशी गप्पा मारत बसायचे आणि मी समोरून मोबाइल धरायचा. गप्पांत डोळे आपोआप मिटतात. चौथ्या खेपेस झाले.

आता सर्वांत नाजूक विषय, खरे बोलण्याचा. आजी संध्याकाळी विचारते, "हे अजून कचेरीतून आले नाहीत का?" आजोबांना जाऊन अकरा वर्षे झाली. "आजोबा गेले" असे सांगितले तर तिला ते पहिल्यांदाच कळते. ती रडते, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तोच प्रश्न येतो. सत्यव्रताचे पालन म्हणून एखाद्याला रोज नव्याने वैधव्य द्यायचे का? अहिंसा म्हणून रोज खोटे बोलायचे का? या पेचातून पूर्ण निर्दोष वाट मला दिसलेली नाही. आमच्या घरी आई उत्तर देते ते असे: "आठवण येते ना त्यांची? त्यांना संध्याकाळी चहाबरोबर काय लागायचे?" यात खोटे काही नाही. प्रश्नामागे जे आहे त्याला ते उत्तर आहे. मग चिवड्याची गोष्ट निघते, कचेरीतल्या साहेबांची निघते, आणि कधी कधी आजी स्वतःच म्हणते, "गेले ते."

पण तंत्रज्ञानाने हा पेच आणखी वाढवला आहे. आता कोणाच्याही आवाजाच्या जुन्या ध्वनिफिती देऊन त्या आवाजात नवे बोलणे तयार करता येते. आमच्या एका नातलगांनी प्रेमानेच सुचवले की आजोबांच्या आवाजात "मला आज उशीर होईल, तू जेवून घे" असे करून ठेवू या, आजी शांत होईल. कदाचित होईलही. आई नको म्हणाली आणि मला तिचे पटले. का पटले ते मी पुष्कळ दिवस तपासले. घाबरलेल्या माणसाला सावरताना तोंडून एखादे अर्धसत्य निघते तेव्हा बोलणाऱ्याला ते बोचते. ते बोचणे हाच तिथे लगाम असतो. बटण दाबून खोटे ऐकवण्याची सोय झाली की ते बोचेनासे होते. पुढे ते आजीच्या शांतीसाठी वाजते की आपल्या सोयीसाठी, हे कोण पाहणार? आजोबांनी खरोखर म्हटलेली आरती एका जुन्या कॅसेटवर होती. ती आम्ही मोबाइलवर घेतली आणि ती लावतो. आजी टाळ्या वाजवते. ते त्यांचेच आहे.

इथवर वाचून एखाद्या ताईंना वाटेल की नियमच नियम सांगितले, माझ्या थकव्याचे काय? त्यासाठी एक अनुभव बंगळुरूचाच सांगण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिमेन्शियाग्रस्तांची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांसाठी 'आयसपोर्ट' नावाचा ऑनलाइन शिक्षणक्रम तयार केला आहे. त्यात आजाराची ओळख, रोजची काळजी, बदललेले वागणे कसे हाताळायचे आणि स्वतःची काळजी अशा विषयांचे २३ छोटे पाठ आहेत. निम्हान्समधील संशोधकांनी तो भारतासाठी जुळवून घेतला आणि त्याची चाचणी केली. १५१ काळजीवाहकांनी नाव नोंदवले. त्यांच्यापैकी काहींना हा शिक्षणक्रम दिला, उरलेल्यांना माहितीचे ई-पुस्तक. तीन महिन्यांनी शेवटच्या तपासणीपर्यंत ५५ जण उरले. दोन्ही गटांची तुलना केली तेव्हा नैराश्यात आणि भारात ठळक फरक दिसला नाही. फरक दिसला तो एका ठिकाणी: शिक्षणक्रम घेतलेल्यांची, आजारी माणसाकडे माणूस म्हणून पाहण्याची वृत्ती सुधारली होती.

मी हे निष्कर्ष वाचले तेव्हा आधी निराश झालो आणि मग थांबलो. एका मोबाइलने भार हलका केला नाही. करणार कसा? भार उचलायला हात लागतात. पण दृष्टी बदलली, आणि आपण स्वाध्यायात वर्षानुवर्षे बसतो ते दृष्टी बदलावी म्हणूनच ना? राहिले गळालेले दोनतृतीयांश. त्यांना दोष देण्याआधी त्यांचा दिवस पाहावा. रात्री तीनदा उठायचे, सकाळी कपडे बदलायचे, दुपारी भरवायचे. या दिवसात पाऊण तास शांत बसून पाठ वाचायला जागा कुठे आहे? साधन फुकट मिळाले तरी ते वापरण्याची फुरसत कोणत्याही ॲपमध्ये मिळत नाही. ती दुसऱ्या माणसाने द्यावी लागते.

पुंडलिकाने आईवडिलांची सेवा करताना दारी आलेल्या देवाकडे वीट सरकवली आणि थांबायला सांगितले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. आपण मात्र सेवेत असताना मोबाइलवर आलेल्या संदेशालाही थांबवत नाही. हे जाता जाता.

ताईंच्या प्रश्नाला आता माझ्याकडून जमेल तसे उत्तर देतो. ताई, जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर पाहणे हा पहारा आहे. पहारा वाईट नसतो, लागतो. तो यंत्राने दिला तर देऊ द्यावा आणि लाज वाटून घेऊ नये. सोबत ही निराळी गोष्ट आहे, ती यंत्राला जमत नाही. पहाऱ्यातून सुटलेला वेळ आणि वाचलेली झोप जर संध्याकाळी आईंच्या केसांना तेल लावण्यात, किंवा स्वतः जरा पडून दुसऱ्या दिवशी न चिडता बोलण्यात येत असेल, तर तुमचा कॅमेरा ही तुमची कावड आहे. तो वेळ दुसऱ्याच एखाद्या पडद्यात जात असेल, तर ते तुम्हालाच कळेल, कोणी सांगायला नको. आणि सून म्हणून सगळा भार तुमच्याच एकटीवर का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. तो मंडळातल्या आम्हा पुरुषांना विचारायला हवा.

काही उपयोगाच्या गोष्टी इथेच नोंदवतो. कर्नाटक शासन आणि निम्हान्स यांनी २०२२ मध्ये सुरू केलेल्या मेंदू-आरोग्य उपक्रमात कोलार आणि चिक्कबळ्ळापूर येथे दवाखाने सुरू झाले. होसकोटेकरांना कोलारचा रस्ता सरळ आहे, निदानासाठी शहराच्या गर्दीतच जावे असे नाही. मन फार खचले तर काळजी घेणाऱ्यानेही 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ती सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र आहे, आणि आजारी माणसापुरतीच नाही. ज्येष्ठांविषयीच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा देशभराचा क्रमांक आहे. बंगळुरूच्या स्वप्ना किशोर यांनी स्वतःच्या आईची सेवा करताना जे शिकले ते इंग्रजीत आणि हिंदीत विस्ताराने लिहून ठेवले आहे. माझ्या वाचनात काळजी घेणाऱ्यांसाठी इतके व्यवहारी लेखन दुसरे आले नाही.

एक उणीव मात्र आपल्यासारख्यांना फार जाणवते, भाषेची. अनेक भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शिया झाला तर नंतर शिकलेल्या भाषा बहुधा आधी जातात आणि बालपणीची भाषा उरते. माझी आजी चाळीस वर्षे कन्नड बोलली. बाजार, शेजार, डॉक्टर, सगळे कन्नडमध्ये. आज तिला फक्त तिच्या माहेरची, सांगली भागातली मराठी कळते. शहाजीराजांच्या जहागिरीत हे होसकोटे होते, तेव्हापासून इथे मराठी माणूस आहे, पण मदतीला येणाऱ्या परिचारिकेला मराठी येईलच असे नाही. आजीला "कुळित्तुकोळ्ळी" म्हटले की ती घाबरते आणि "बस गं बाई" म्हटले की बसते. म्हणून मी रोजच्या वापराची साठ वाक्ये मराठीत ध्वनिमुद्रित केली, आईच्या आवाजात, समोर कन्नड लिपीत उच्चार आणि अर्थ. परिचारिका ते ऐकून स्वतः म्हणतात. फाइल म्हणून पाठवता येते, इंटरनेट नसले तरी चालते. ज्या साधकांना हवी असेल त्यांनी मंडळाकडे मागावी. आपापल्या घरच्या बोलीत ती पुन्हा मुद्रित करून घेतलेली अधिक बरी, कारण आवाज ओळखीचा हवा आणि 'बस गं बाई' प्रत्येक घरी वेगळे असते.

स्वाध्यायानंतर आम्ही सहा जणांनी ठरवले की आठवड्यातून दोन दुपारी, ३ ते ५, आळीपाळीने अशा घरी जाऊन बसायचे. त्या दोन तासांत घरच्या काळजीवाहकाने झोपावे, पाठ वाचावा, बाहेर फिरून यावे, काहीही करावे. जाणाऱ्याने आपला मोबाइल दाराशीच बंद करून ठेवायचा. औषध द्यायचे नाही, उपदेश करायचा नाही, तोच प्रश्न विसाव्यांदा आला तरी उत्तर द्यायचे. निघताना काय घडले ते घरच्यांसाठी वहीत चार ओळी लिहायच्या. सध्या तीन घरे आहेत आणि मंगळवार-शुक्रवार भरले आहेत. बुधवारी महामार्गापलीकडच्या एका घरी कोणीतरी हवे आहे. तिथले आजोबा पूर्वी शाळेत गणित शिकवत. त्यांना अजून पाढे म्हणायला आवडतात आणि तेराचा पाढा त्यांचा एकदाही चुकत नाही. ज्यांना बुधवार जमेल त्यांनी कळवावे.